वाचकांचे प्रश्न : ड्रोन मोबाइल नेटवर्कवर चढतो तेव्हा

ड्रोनला हातातल्या रिमोटऐवजी मोबाइल नेटवर्कने जोडण्याविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेत आहोत. बहुतेकांना उंचावर रेंज मिळेल का, याची काळजी वाटते. आमच्या मते काळजी करायची ती रेंज नको तितकी मिळते याची, कारण तिचा भुर्दंड ड्रोनवाल्याइतकाच खाली फोन वापरणाऱ्यालाही बसतो. पहिल्या दोन उत्तरांना त्यामुळेच अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या वाडीत फोनला रेंज नसते, पण मागच्या टेकडीवर चढले की मिळते. मग 100 मीटर वर गेलेल्या ड्रोनला ती उत्तमच मिळायला हवी. परंतु टॉवरवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, असेही ऐकले आहे. यातले खरे काय? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टॉवरवरचा अँटेना आपली ऊर्जा सगळीकडे सारखी फेकत नाही. त्याचा झोत आडव्या दिशेत रुंद ठेवून उभ्या दिशेत काही अंशांपुरता चपटा केलेला असतो आणि क्षितिजाच्या थोडा खाली वळवलेला असतो, कारण पैसे भरणारे ग्राहक रस्त्यावर, घरात आणि शेतात असतात. टॉवरच्या माथ्यापेक्षा उंच गेलेल्या ड्रोनच्या वाट्याला हा मुख्य झोत येत नाही. त्याला अँटेनाच्या रचनेमुळे आपोआप उमटणाऱ्या दुय्यम झोतांवर भागवावे लागते; हे झोत मुख्य झोताच्या मानाने बरेच क्षीण असतात आणि दोन झोतांमधल्या फटीत तर जवळजवळ काहीच पोहोचत नाही.

असे असूनही वर रेंज मिळते, कारण वाटेतले अडथळे संपलेले असतात. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की सिग्नलची शक्ती एक चतुर्थांश उरते. घरे, झाडे आणि उंचवटे असलेल्या वस्तीत तेच अंतर दुप्पट झाल्यावर ती सुमारे तेराव्या-चौदाव्या हिश्श्यावर येते. झुकलेल्या अँटेनामुळे जे गमावले, ते मोकळी वाट भरून देते. क्वालकॉम कंपनीने अमेरिकेत सॅन डिएगो इथे 4जी नेटवर्कवर घेतलेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांमध्येही 400 फुटांपर्यंतच्या उंचीवर ड्रोनला मिळणारा सिग्नल जमिनीवरच्या फोनपेक्षा जोरकस आढळला होता.

अडचण सुरू होते ती याच्या पुढे. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या फोनचे क्षितिज, पृथ्वीची गोलाई लक्षात घेता, साडेचार किलोमीटरच्या आत संपते. 120 मीटर उंचीवरच्या ड्रोनचे क्षितिज 39 किलोमीटरपर्यंत जाते, आणि टॉवर स्वतः उंच असल्याने तो त्याहूनही लांबून दिसतो. जुन्नरवर चढलेल्या ड्रोनला मध्ये डोंगर आला नाही तर नारायणगाव, ओतूर, आळेफाटा इथले टॉवर एकाच वेळी ऐकू येऊ शकतात. 4जी आणि 5जीमध्ये एका कंपनीचे सगळे शेजारी टॉवर तीच वारंवारिता पुन्हा पुन्हा वापरतात. जमिनीवर घरे आणि टेकड्या त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात, म्हणून हा काटकसरीचा हिशेब जुळतो. वर तो आडोसा नसतो.

ड्रोनला बांधलेल्या मोडेमच्या नोंदी पाहिल्या की हे स्पष्ट दिसते. नोंदीत दोन आकडे महत्त्वाचे असतात : एक सिग्नलच्या जोराचा, दुसरा हवा असलेला सिग्नल आणि नको असलेला गलबला यांच्या गुणोत्तराचा. ड्रोन छपरांच्या वर आला की पहिला आकडा भराभर सुधारतो, पण त्यानंतर दुसरा घसरू लागतो. फोनच्या पडद्यावरच्या दांड्या पहिल्या आकड्यावर चालतात, डेटाचा वेग दुसऱ्यावर. त्यामुळे सगळ्या दांड्या भरलेल्या असताना व्हिडिओ अडकतो आणि ड्रोनवाला बिचारा सिमकार्डाला दोष देत बसतो.

यात आणखी एक गुंता आहे. जमिनीवर प्रत्येक टॉवरची हद्द साधारण सलग असते. आकाशात दुय्यम झोतांमुळे ती ठिगळाठिगळांची होते. शंभर मीटर पुढे सरकल्यावर ड्रोनला दहा किलोमीटरवरचा टॉवर जवळच्यापेक्षा बरा वाटू शकतो आणि लगेच तिसराच. हँडओव्हर, म्हणजे एका टॉवरने जोडणी दुसऱ्याकडे सोपवणे, वारंवार होतात आणि काही फसतात, कारण त्या दूरच्या टॉवरचे नाव जवळच्या टॉवरच्या शेजाऱ्यांच्या यादीत नसते. भरीला 4जीत सेलची, म्हणजे टॉवरच्या एकेका हद्दीची, ओळख पटवणारे क्रमांक केवळ 504 आहेत (5जीत 1008), आणि ते दूरदूरच्या ठिकाणी पुन्हा वापरले जातात. एकाच क्रमांकाचे दोन सेल ड्रोनला ऐकू आले, तर नेटवर्कला तो नेमका कोणाविषयी बोलतो आहे हे कळत नाही.

प्रश्न : आमच्या भागात फार तर एखादा ड्रोन उडत असेल. एका ड्रोनने खालच्या हजारो फोनना त्रास होतो, ही अतिशयोक्ती नाही का? (निवृत्त दूरसंचार कर्मचारी, ठाणे)

उत्तर : एका ड्रोनने नेटवर्क कोलमडत नाही, हे आपले म्हणणे मान्य आहे. पण त्या एका ड्रोनचे वजन एका फोनइतके धरणे चुकीचे ठरेल, आणि का ते आकड्यांतच पाहू.

समजा, 2 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आहे आणि ज्या टॉवरशी आपला संबंध नाही असा एक टॉवर 3 किलोमीटरवर आहे. शहरी भागासाठी अभियंते जे प्रमाणित सूत्र वापरतात, त्यानुसार रस्त्यावरच्या फोनचा सिग्नल तिथे पोहोचेपर्यंत सुमारे 146 डेसिबलने घटतो. तेच अंतर मोकळ्या हवेतून कापणाऱ्या ड्रोनचा सिग्नल सुमारे 108 डेसिबलने घटतो. फरक 38 डेसिबलचा, म्हणजे दर दहा डेसिबलला दहा पट या हिशेबाने सहा हजार पटींहून अधिक. त्या टॉवरचा अँटेना खाली झुकलेला असल्याने ड्रोनचा सिग्नल तो वीस डेसिबल कमी जोराने पकडतो असे उदारपणे धरले, तरी साठ-एक पट शिल्लक राहतेच. हे झाले एका टॉवरपुरते. ड्रोनला असे कितीतरी टॉवर दिसत असतात. गच्चीवरून हाक मारली की ती जिच्यासाठी मारली तिच्यासकट साऱ्या आळीला ऐकू जाते, तसाच हा प्रकार आहे.

त्यात ड्रोनचे काम फोनच्या उलट दिशेचे. फोनवर आपण मुख्यतः पाहतो आणि उतरवून घेतो. ड्रोन मात्र कॅमेऱ्याचे चित्र सतत वर चढवत असतो. मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने ड्रोनच्या अभ्यासात आदेश-नियंत्रणासाठी सेकंदाला 60 ते 100 किलोबिट इतकीच गरज धरली आहे, पण चित्रीकरणासारख्या कामासाठी सेकंदाला 50 मेगाबिटपर्यंतची. आपल्याकडे 5जीचा जो मुख्य पट्टा आहे, म्हणजे 3300 मेगाहर्ट्झच्या वरचा, त्यात चढता आणि उतरता डेटा एकाच वारंवारितेवर आळीपाळीने जातो, आणि वेळेचा मोठा वाटा उतरत्या डेटाला दिलेला असतो. चढत्या डेटाच्या अरुंद वाटणीत एका ड्रोनने लांबलचक व्हिडिओ सुरू केला, की सेलच्या कडेला, घराच्या आतल्या खोलीत बसलेल्या माणसाचा क्षीण आवाज सर्वांत आधी तुटतो. तक्रार करताना त्याला वर काय चालले आहे याचा पत्ताही नसतो. ड्रोनच्या बाजूने लिहिणाऱ्या लेखांत हा माणूस सहसा दिसत नाही, म्हणून त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

प्रश्न : विमानात मोबाइल बंद ठेवायला लावतात ते यामुळेच का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : विमानातल्या उपकरणांची काळजी हे एक कारण आहेच. परंतु अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 1991 साली 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले मोबाइल उड्डाणात वापरण्यावर जी बंदी घातली, ती जमिनीवरच्या नेटवर्कांना होणारा उपद्रव टाळण्यासाठी होती. त्या नियमात विमानांबरोबर फुग्यांचाही उल्लेख आहे. ड्रोनचा प्रश्न नवा वाटला, तरी त्याचे मूळ असे जुने आहे.

प्रश्न : यावर तोडगा निघाला आहे का, की ड्रोनसाठी वेगळे टॉवरच उभारावे लागतील? (सर्वेक्षक, पुणे)

उत्तर : वर तोंड केलेले वेगळे अँटेना काही देशांत तपासून पाहिले जात आहेत, पण मुख्य भर सध्याच्या नेटवर्ककडूनच काम करून घेण्यावर आहे. थ्रीजीपीपीने 2017 मध्ये 4जी नेटवर्कवरील ड्रोनचा अभ्यास पूर्ण केला आणि त्यानंतरच्या मानकांत काही सोयी आल्या. त्यांतल्या तीन सांगण्यासारख्या आहेत.

पहिली ओळखीची. ग्राहकाच्या नोंदणीतच ‘हे उपकरण उडणारे आहे आणि त्याला तशी परवानगी आहे’ अशी खूण असते आणि टॉवरला ती कळते. दुसरी उंचीची. ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीच्या वर गेला किंवा खाली आला, की त्याने स्वतःहून तसे कळवायचे. शिवाय एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त शेजारी सेल ऐकू येऊ लागले तर तेही कळवायचे, कारण जितक्यांचे आपल्याला ऐकू येते, तितक्यांना साधारणपणे आपलेही ऐकू जाते. तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत उपयोगाची, शक्तीच्या नियंत्रणाची. प्रत्येक फोन आपल्या टॉवरपर्यंतची घट किती, हे पाहून आपला जोर ठरवतो, आणि त्याची कमाल मर्यादा साधारण 200 मिलिवॉट असते. जमिनीवरच्यांसाठी बसवलेले हे गणित ड्रोनला लावले तर तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलतो. नव्या मानकांनुसार टॉवर एकेका ड्रोनला वेगळे गणित लावून देऊ शकतो. यात ड्रोनचा वेग थोडा कमी होतो, आणि तो कमी व्हावा हेच योग्य आहे.

5जीच्या मानकांत उड्डाणाचा मार्ग आधी कळवण्याची आणि ड्रोनने आपली ओळख आसपास प्रसारित करण्याची तरतूद झाली. जपानमध्ये मोबाइल कंपन्या आकाशातल्या वापरासाठी स्वतंत्र योजना विकतात. तिथे साधे सिमकार्ड ड्रोनला लावून उडवता येत नाही.

प्रश्न : 5जीचे अँटेना हवा तिकडे झोत वळवतात. शिवाय ‘नोमा’ नावाच्या पद्धतीने एकाच वारंवारितेवर ड्रोन आणि जमिनीवरचा ग्राहक एकत्र सामावता येतात, असे वाचले. मग भांडण उरले कुठे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : झोत वळवणाऱ्या अँटेनामुळे परिस्थिती खरोखर सुधारते. ड्रोनकडे अरुंद झोत पाठवता येतो आणि त्याच्या दिशेने येणारा गलबला बऱ्याच अंशी गाळता येतो. तथापि अँटेनाच्या पट्टीत उभ्या दिशेत स्वतंत्रपणे हलवता येणारे घटक मोजकेच असतात, त्यामुळे वर वळण्याला मर्यादा पडते. दोन ड्रोन किंवा एक ड्रोन आणि उंच इमारतीतला ग्राहक जवळजवळ एकाच कोनात आले, तर त्यांना वेगळे करणेही अवघड जाते.

नोमाची कल्पना अशी की दोघांना एकाच वेळी एकाच वारंवारितेवर बोलू द्यायचे. टॉवर आधी जोराचा आवाज उलगडतो, मिश्रणातून तो वजा करतो आणि उरलेल्यातून क्षीण आवाज वाचतो. ड्रोनच्या बाबतीत ही कल्पना विशेष जमते, कारण तो अनेक टॉवरना ऐकू जातो आणि त्यांपैकी एखाद्या टॉवरच्या हद्दीत त्या वारंवारितेवर त्या क्षणी कोणीच बोलत नसते. अशा रिकाम्या टॉवरने ड्रोनचा संदेश उलगडून शेजाऱ्यांना द्यावा आणि शेजाऱ्यांनी तो आपल्या मिश्रणातून वजा करावा, म्हणजे उपद्रवाचे कारणच उपायाला हातभार लावते.

कागदावर हे देखणे आहे. पण टॉवरांनी एकमेकांना ही माहिती काही मिलिसेकंदांत द्यायची, तर त्यांच्यामध्ये भरवशाचा फायबर हवा, आणि आपल्याकडचे अनेक टॉवर अजून मायक्रोवेव्हच्या दुव्याने जोडलेले आहेत. पहिला संदेश उलगडताना चूक झाली तर वजाबाकी चुकते आणि दुसऱ्याचाही संदेश जातो. प्रबंधासाठी विषय उत्तम आहे. इतक्यात गावच्या टॉवरवर तो दिसेल, असे मात्र वाटत नाही.

प्रश्न : द्राक्षबागेवर फवारणीसाठी ड्रोन घ्यायचा विचार आहे. विक्रेता ‘सिमवाला’ ड्रोन जास्त किमतीला देतो. घ्यावा का? (बागायतदार, निफाड)

उत्तर : केवळ उड्डाणाच्या नियंत्रणासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही. फवारणीचा ड्रोन पिकाच्या डोक्यावरून दोन-तीन मीटर उंचीने, आपल्या नजरेसमोर फिरतो. रिमोटचा थेट रेडिओ दुवा त्याला पुरतो. मोबाइल डेटाची गरज बहुधा एका वेगळ्या कामासाठी लागते : ओळी चुकू नयेत म्हणून उपग्रहावरून मिळणारे स्थान सेंटिमीटरपर्यंत अचूक करणारी दुरुस्ती इंटरनेटवरून घ्यावी लागते. ही दुरुस्ती जमिनीवरच्या रिमोटमध्ये किंवा त्याला जोडलेल्या फोनवर घेऊन पुढे ड्रोनला देता येते. विक्रेत्याला नेमके विचारा की सिम ड्रोनमध्ये आहे की रिमोटमध्ये, आणि ते कशासाठी.

प्रश्न : डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविड लसीच्या 300 मात्रा नेल्या होत्या. अशी वाहतूक रोजची करायची, तर मोबाइल नेटवर्कवर विसंबता येईल का? (आरोग्यसेविका, पालघर जिल्हा)

उत्तर : ड्रोनचा मोबाइल नेटवर्कशी खरा संबंध येतो तो याच प्रकारच्या कामात. त्या उड्डाणाने सुमारे 20 किलोमीटरचे अंतर दहा मिनिटांच्या आत कापले होते. इतक्या लांब, मध्ये डोंगर असताना, रिमोटचा थेट दुवा पोहोचत नाही. एक तर उपग्रहाचा महाग दुवा घ्या, नाही तर वाटेतले मोबाइल टॉवर वापरा. आदेशांना डेटा थोडाच लागतो, पण तो वेळेवर लागतो. थ्रीजीपीपीच्या अभ्यासात एका दिशेला 50 मिलिसेकंदांच्या आत आणि हजारात डेटाचे एखादेच पाकीट हरवेल, अशी अपेक्षा धरली आहे. सरासरी चांगली असून भागत नाही. फसलेल्या एका हँडओव्हरमध्ये दुवा काही सेकंद तुटू शकतो, आणि तेवढ्या वेळात वेगाने जाणारा ड्रोन शंभर मीटरच्या पुढे निघून जातो.

त्यामुळे रोजच्या मार्गासाठी आधी त्या मार्गाचा उंचीनिहाय नकाशा करावा लागतो. जमिनीवर फोन घेऊन फिरून काढलेला रेंजचा नकाशा इथे निरुपयोगी आहे. त्याच वाटेवर 60, 90 आणि 120 मीटरवरून मोडेम बांधून उडून सिग्नलचा जोर, गलबल्याचे प्रमाण आणि हँडओव्हरच्या जागा नोंदवाव्या लागतात. अनेकदा थोडे खालून गेल्यावर दुवा अधिक स्थिर मिळतो, कारण डोंगराची एखादी सोंड दूरचे टॉवर झाकून टाकते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवणे शहाणपणाचे. मात्र दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच टॉवरवर असतील, तर त्या टॉवरची वीज गेल्यावर दोन्ही एकदमच जातात, आणि पावसाळ्यात जव्हार-मोखाड्याला वीज किती वेळा जाते हे आपणास आमच्याहून चांगले ठाऊक आहे. दुवा तुटला तर ड्रोनने काय करायचे, म्हणजे पुढे जायचे, परतायचे की कोणत्या मोकळ्या जागी उतरायचे, हे मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी आधीच त्याच्यात भरलेले असले पाहिजे.

प्रश्न : आषाढी वारीत पंढरपुरात फोन लागत नाही. तिथे उडणारे ड्रोन मग कसे चालतात? ते कोसळणार नाहीत ना? (वारकरी, परभणी)

उत्तर : गर्दीवर नजर ठेवणारे ड्रोन सामान्यतः मोबाइल नेटवर्कवर नसतात. ते 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यांत थेट रिमोटशी बोलतात, आणि संपर्क तुटल्यास उड्डाणाच्या जागी परतण्याची सोय त्यांच्यात असते. पुढे असे ड्रोन मोबाइल नेटवर्कवर आणले, तर त्यांच्या आदेशांना नेटवर्कमध्ये अग्रक्रम द्यावा लागेल; तशी सोय 4जी आणि 5जी दोन्हींत आहे. अग्रक्रम आदेशांपुरताच ठेवावा, असे आम्हांला वाटते. ड्रोनच्या व्हिडिओलाही तो दिला, तर चुकामूक झालेल्या आजीला घरच्यांचा फोन लागण्याची उरलीसुरली शक्यताही जाईल.

प्रश्न : माझ्याकडे छोटा ड्रोन आहे. त्याला जुना 4जी डोंगल बांधून घरबसल्या दूरवर उडवला तर काय हरकत आहे? (एक तरुण वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : हरकती अनेक आहेत. पहिली नियमांची : ड्रोन नियम 2021 नुसार हिरव्या (नकाशावर मोकळ्या दाखवलेल्या) क्षेत्रातही पूर्वपरवानगीशिवाय उड्डाणाची मर्यादा 400 फूट आहे, विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फूट आहे, आणि नजरेपलीकडचे उड्डाण ही तर घरबसल्या करण्याची गोष्टच नव्हे. आपल्या जागेचा रंग डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर पाहावा. दुसरी सुरक्षेची : 1 जून 2025 रोजी युक्रेनने रशियाच्या हवाई तळांवर केलेल्या हल्ल्यातील ड्रोन रशियातल्याच मोबाइल नेटवर्कवरून चालवले गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. अनोळखी उडत्या सिमकडे यंत्रणा संशयाने पाहतात, त्यामागे अशी कारणे आहेत. तिसरी तांत्रिक : साध्या ग्राहकाच्या सिमवर उडणाऱ्या उपकरणाची खूण नसते, म्हणून टॉवर त्याला जमिनीवरचा फोन समजून वागवतो आणि वर सांगितलेले शक्तीचे वेगळे गणित त्याला लागू होत नाही. प्रयोगाची हौस असेल तर तोच डोंगल लॅपटॉपला जोडून आधी तळमजल्यावर, मग एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर न्या, आणि सिग्नलचा जोर व सिग्नल-गलबल्याचे गुणोत्तर हे दोन्ही आकडे टिपून ठेवा. बहुतेक डोंगलच्या सेटिंगच्या पानावर ते आरएसआरपी आणि एसआयएनआर या नावांनी सापडतात.